कुणाची हिरडी

९ नोव्हेंबर १९८६, रविवार

"काढून टाका" म्हणाला! तोंडात बॅटरीचा उजेड मारला, कसल्याशा दांडीनं दोन दात ठोकले, आणि माझं उत्तर ऐकायच्या आत पुढच्या बाईकडे वळला. म्हणे खालचे पुढचे चारही काढून टाका, हिरडी उतरली आहे, आज ना उद्या पडणारच. कवळी फुकट देतो आहोत.

फुकट! मी काय दात विकायला बसले होते?

देवणीला शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस. एका अंगाला टँकरच्या पाण्याची रांग, दुसऱ्या अंगाला दात काढायची रांग, आणि दोन्हींत त्याच बाया. घागर एका रांगेत ठेवायची आणि तोंड दुसऱ्या रांगेत न्यायचं. भोंग्यावर सारखं — नवीन जिल्ह्यातलं पहिलं भव्य मोफत दंतशिबिर! लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली, तरी ह्यांचं 'नवीन' संपत नाही. नवीन नवरीसुद्धा एवढे दिवस नवीन राहत नाही.

माझे दात किडलेले नाहीत. हलत नाहीत. फक्त खालची हिरडी उतरत चालली आहे, मुळं उघडी पडली आहेत, गार पाणी लागलं की कळ थेट मस्तकात जाते. दिसायला दात लांब दिसतात, हे खरं. पण म्हणून एकतीस वर्षांच्या बाईचे चार चांगले दात उपटायचे? मी उठले आणि चालू लागले.

थोरल्या जाऊबाई, नागुबाई, काही उठल्या नाहीत. वरचे पाच काढून, तोंडाला पदर दाबून गाडीत येऊन बसल्या. रक्त गिळत म्हणाल्या, "सक्रातीला कवळी देनार हायती. पांढरीशिप्पट."

घरी आल्यावर हे म्हणाले, "फुकट होतं तर घ्यायचं की." आज ह्यांच्याशी बोलणार नाही.

१० नोव्हेंबर

बोलले नाही. ह्यांच्या लक्षातही आलं नाही.

१६ नोव्हेंबर

व्यंकटी आला होता, माझा धाकटा भाऊ. मुखेडचं पोरगं, पण आता लातूरला कलेक्टर कचेरीत लागलं आहे, बोलणं मात्र मुखेडचंच राहिलं आहे. शिबिराची हकीकत ऐकून, माझं तोंड बघून म्हणाला, "अक्का, दात कामून काढायलीस? लातूरात एक डॉक्टरीण आल्यात मुंबईहून शिकून. निस्त्या हिरड्यांचंच बघतात. उतरलेली हिरडी शिवून वर आणतात म्हणं."

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्या उंबऱ्यात बसून मिशरी लावत होत्या. बोट तोंडातच ठेवून म्हणाल्या, "हिरडी शिवायला ती का चोळी हाय?"

सगळे हसले. मीही हसले असते, पण कुणाच्या हिरडीवर हसता आहात तेवढं बघा ना! ह्या घरात कुणाचं कंबरडं धरलं तर डॉक्टर, बैलाला ताप आला तर डॉक्टर, आणि माझ्या दातांना विनोद. मी जाणारच आहे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

लातूर. दवाखाना माडीवर आहे. जिन्याच्या तोंडाला पाटी — डॉ. पंचशीला सोनकांबळे. हे पाटी वाचून पहिल्याच पायरीवर थांबले. "सोनकांबळे म्हंजे…"

"म्हणजे डॉक्टर," मी म्हणाले आणि वर गेले. मागून पाय वाजले, म्हणजे आले.

दुष्काळ इथंही आहे. येणाऱ्यानं चूळ भरायला आपलं पाणी आपण आणायचं, असा निरोप व्यंकटीनं आधीच दिला होता. मी फिरकीचा तांब्या नेला होता.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या. सावळ्या, बारीक, हसत नाहीत. मूळच्या देगलूरच्या. त्यांनी ओठ खाली ओढून पुष्कळ वेळ बघितलं. शिबिरातल्यानं घेतला होता त्याच्या दसपट वेळ. मग विचारलं, "दात कशानं घासता?"

मी अभिमानानं सांगितलं — राखुंडी. लहानपणापासून. सकाळी आणि जेवण झाल्यावर. घसघसून.

"भांडी घासतात तसे दात घासता तुम्ही," त्या म्हणाल्या. "हिरडी झिजवून झिजवून खाली ढकललीत. त्यात तुमच्या ओठाची आतली दोरी आखूड आहे, ती ओढते. दात उत्तम आहेत. काढायचे कशाला?"

दात उत्तम आहेत! हे ऐकायला लातूर गाठावं लागलं. पण भांड्यांचं बोलल्या त्याचा राग आलाच. जी कधी नीट घासत नाही तिच्या हिरड्या जागेवर, आणि रोज घासणारीच्या उतरल्या. हा कुठला न्याय?

इलाज असा — ओठाची दोरी सोडवायची, आणि तिथं कातडीचा एक तुकडा शिवायचा, म्हणजे हिरडी जाड होते आणि आणखी उतरत नाही. "कुणाची कातडी?" मी विचारलं. खरं लिहायचं तर मीच आधी विचारलं. त्या पहिल्यांदा हसल्या. "तुमचीच. तोंडात वर, टाळूवरून पातळ पापुद्रा घ्यायचा आणि खाली लावायचा. टाळूची जखम आपली आपण भरते."

एसटीत हे म्हणाले, "घरी नाव सांगू नको." मी खिडकीतून बाहेर बघत बसले. नळेगाव-उदगीर सगळीकडे सारखंच, ज्वारी वीतभर वाढून वाळली आहे.

४ डिसेंबर

डॉक्टरांनी वीस तारीख दिली आहे. आत्याबाई म्हणतात, "येळवस झाल्यावर जा." येळवशीच्या अवसेला रानात न्यायची अकरा माणसांची पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली अंबील कोण करणार? मीच! चौदा वर्षं झाली. आधी पेरणी झाल्यावर, मग लेकरू झाल्यावर, मग नणंदेचं लग्न झाल्यावर. शेतात ह्या वर्षी कणीस नाही, पण शेतात जेवायला गेलंच पाहिजे, आणि मी रांधलंच पाहिजे. जाणार. वीसलाच.

२० डिसेंबर, शनिवार

झालं. व्यंकटीच्या खोलीवर आहे. बोलायचं नाही म्हणून लिहिते.

सुया टोचल्या तेवढंच दुखलं. नंतर सगळं लाकूड. डोळ्यांवर फडकं होतं, पण आवाज येत होते, दोरा ओढल्याचा आवाज येत होता. आपल्याच तोंडात कुणी टाके घालतंय आणि आपण गुपचूप पडून आहोत, हे कसं वाटतं ते सांगता येत नाही. डॉक्टरीणबाई मधून मधून हळूच म्हणत, "झालंच, सिंधुताई." झालं नव्हतं. तरी बरं वाटायचं.

वर गुलाबी लेप बसवला आहे, रबरासारखा. तो निघू द्यायचा नाही. तिखट, गरम, कडक काही नाही. फुंकणी नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ओठ ओढून बघायचं नाही. "तुकडा अजून धरलेला नाही," त्या म्हणाल्या. "नुसता ठेवलाय. आठ-दहा दिवस तो हलला तर मेला. मग दातांचं काही सांगता येत नाही. आरशातसुद्धा बघू नका. आणि दुसऱ्या कुणाला दाखवू नका."

हे सगळा वेळ बाहेर बाकावर बसून होते. टाळूचा पापुद्रा काढला तेव्हा डॉक्टरांनी मुद्दाम आत बोलावून दाखवला. हे पांढरे पडले आणि परत बाकावर गेले.

२२ डिसेंबर

"ओठ खाली कर, बगू."

काल गावी आले, आज सकाळपासून हेच. शेजारची आली, तिची सून आली, गिरणीवाली आली. नवी बांगडी बघायला येतात तशा. मी हातानं नाही-नाही करते, तर म्हणतात, लाजती कामून? मी तोंडावर पदर बांधून भाकरी थापायला बसले. हो, थापायलाच! परवा तोंडात टाके घातले, आज चुलीपुढं. फुंकणी फुंकायची नाही म्हणून सांगितलं, तर आत्याबाई म्हणाल्या, "मग धुरानं मरतो आमी."

दुपारी जाऊबाईंनी कमालच केली. मी भिंतीला टेकून जरा डोळे मिटले होते, तर सरळ बोट घालून ओठ ओढला! मी ओरडले. टाक्यातून रक्त आलं. "आगं माय, गुलाबी हाय की," एवढंच म्हणाल्या.

तो लेप आहे हो, लेप! पण ऐकतंय कोण. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं — सिंधुला गुलाबी मांस लावलंय.

तुकडा हलला असेल का? डॉक्टर म्हणाल्या होत्या, हलला तर मेला. आज पहिल्यांदा भीती वाटते आहे.

२३ डिसेंबर

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

दिवेलागणीला आत्याबाईंनी समोर बसवलं. जाऊबाई दाराला टेकून. हे ओसरीवर.

"मांस कुनाचं हाय?"

"माझंच. टाळूवरचं."

"टाळूचं कुनी काडतं का? मानूस जगल का?"

मी सांगितलं, जगते आहे की, समोर बसले आहे. मग त्या मुद्द्यावर आल्या. "डॉक्टरीन कोन हाय?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे चपलेचा अंगठा दाबून बसवत होते. म्हणजे नाव कळलं होतं. कुणाकडून, ते विचारायला नको.

"सोनकांबळे," मी म्हणाले.

मग जाऊबाई पाच दात नसलेल्या तोंडानं म्हणाल्या, "मंग तिनं तिच्यातलंच लावलं आसल. दुसरं कुटून आननार?"

आणि आत्याबाईंनी मला खरंच विचारलं. "तिच्या तोंडातलं हाय का?"

मी आ करून टाळूची जखम दाखवली असती तर तिथल्या तिथं मिटलं असतं. कंदील जवळच होता. पण का दाखवू? हिरडी माझी, टाके माझे, रक्त काढलं ह्या लोकांनी. विचारलं तर काय विचारलं? दुखतंय का, नाही. जेवलीस का, नाही. कुणाचं! माझ्या अंगाचा भडका उडाला. मी म्हणाले, "हाव. तिचंच हाय. तिनं दिलं, मी घेतलं."

आत्याबाई उठून आत गेल्या. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! चौदा वर्षांत एवढं बरं वाटलं नव्हतं.

२४ डिसेंबर

माझं ताट, तांब्या, अंथरूण गोठ्याच्या पडवीत आलं. जनावरं छावणीत आहेत म्हणून गोठा रिकामा आहे. तीन दगडांची चूल मांडून दिली. पाण्याची घागर वेगळी. माठाला हात लावायचा नाही, स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही. लेकरं मात्र येतात. त्यांना अडवायला कुणी धजलं नाही.

ठीक आहे! राहते.

२६ डिसेंबर

ह्यांनी आज आईला खरं सांगितलं म्हणे. "मी डोळ्यांनी बगितलं, हिच्याच तोंडातलं काडलं." आत्याबाई म्हणाल्या, "बायकूची बाजू घ्यायला शिकलास."

तीन दिवस आधी तोंड उघडलं असतं तर? तेव्हा चपलेचा अंगठा महत्त्वाचा होता.

पण लिहायला हवं — आज सकाळी हे पडवीत आले, चुलीपुढं उकिडवे बसले आणि फुंकणी घेऊन चूल फुंकली. डोळ्यांतून पाणी, मिशीवर राख. मला कण्या शिजवून दिल्या. कच्च्याच होत्या. गार करून, ताक घालून खाल्ल्या.

२८ डिसेंबर

एक गंमत लक्षात आली. भाकरी थापायची नाही. फुंकायचं नाही, ते आता हे फुंकतात. तिखट कुणी वाढत नाही. कुणी बोलत नाही म्हणून मला बोलावं लागत नाही. बाटलेली म्हणून कुणी ओठाला हात लावत नाही! डॉक्टरीणबाईंनी जे जे सांगितलं होतं ते सगळं विटाळानं आपोआप पाळलं जातंय. घरात असते तर एव्हाना तो तुकडा कुणाच्या तरी बोटाला चिकटून गेला असता.

३० डिसेंबर, येळवस

पहाटेपासून घरात भज्जीचा वास. जाऊबाईंनी केली. बेसन बुडाला लागलं होतं, मला इथवर कळलं. सगळे डोक्यावर टोपल्या घेऊन शेतात गेले. वाळल्या कडब्याची कोप उभी केली असेल, आत पांडवांचे पाच दगड मांडले असतील, 'ओलगे ओलगे' म्हणत रानभर अंबील शिंपडली असेल. प्यायला पाणी नाही, तरी शिंपडायला अंबील आहे. असो, त्यावर मी बोलत नाही, मलाही येळवस आवडते.

मला कुणी 'चल' म्हणालं नाही. सगळा गाव रानात आणि मी एकटी गावात. सुरुवातीला रडू आलं. रडताना खालचा ओठ थरथरतो, म्हणून रडू थांबवलं. मग झोपले, भर दुपारी पाय पसरून. कुणी उठवलं नाही. लग्न झाल्यापासून अशी झोप आठवत नाही.

धाकट्या लेकीनं उंडा लपवून आणला होता. दातांनी चावायचा नाही म्हणून कुस्करून खाल्ला.

२ जानेवारी १९८७, शुक्रवार

लातूर. लेप काढला. आरसा दिला तर पांढरट, भिजल्या कागदासारखं! "मेलं का हो?"

"नाही. वरचा थर जातो. खाली धरलंय." डॉक्टरांनी टोकानं हळूच दाबून बघितलं. "छान सांभाळलंत. गावाकडची माणसं इतकं पाळत नाहीत."

मला हुरूप आला. मी सगळी हकीकत सांगितली. मांस कुणाचं ते, पडवी, येळवस, सगळं. हसत हसत. मी म्हणाले, "तुमचंच आहे म्हणून ठोकून दिलं. अशी तोंडं झाली एकेकीची!" मला वाटलं, त्याही हसतील.

त्या हात धूत होत्या. वाटीभर पाण्यात. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तुम्हाला त्यांचा राग आला होता."

"आला तर!"

"मग त्यांना मारायला तुम्ही काय उचललंत? मला उचललंत."

मला कळलंच नाही. मी म्हणाले, "अहो, मी तुमचीच बाजू—"

"माझी बाजू मी मागितली नव्हती." त्या वळल्या. आवाज चढलेला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "मी नऊ वर्षं शिकले. माझे वडील लिंबाजी मास्तर, देगलूरच्या शाळेत त्यांचा तांब्या वेगळा असायचा. तुमच्या घरच्यांना माझे हात दिसले नाहीत, नाव दिसलं. त्याची मला सवय आहे. पण तुम्ही माझ्या खुर्चीत तोंड उघडून पडला होतात. राग आल्यावर तुम्हालाही नावच सापडलं. माझं मांस म्हणजे विटाळ, हे तुम्हाला पाठ होतं म्हणूनच ते फेकता आलं ना?"

त्यांनी कापूस टाकून दिला. "वीस तारखेला या. मऊ ब्रश घ्या. राखुंडी बंद."

एसटीत बसल्यापासून मनात त्यांच्याशी भांडते आहे. मी त्यांच्यापायी गोठ्यात राहिले, आणि मलाच बोल! आमच्या घरात 'हाव, तिचंच हाय' म्हणायला काय लागतं ते त्यांना काय माहीत? नळेगावपर्यंत माझंच बरोबर होतं. उदगीरला गाडी बदलली तोवर तेवढं बरोबर राहिलं नाही.

३ जानेवारी

त्यांच्यापायी मी गोठ्यात राहिले नाही. माझ्या रागापायी राहिले. त्यांना तर विचारलंही नव्हतं.

५ जानेवारी

आज सांगून टाकलं. अंगणात, दिवसाउजेडी, सगळे असताना. "मी खोटं बोलले. माझंच आहे. हे बघा." आ करून टाळू दाखवली. तिथं अजून लाल चट्टा आहे.

जाऊबाई म्हणाल्या, "तोंड भाजलं आसल."

आत्याबाई मात्र जवळ आल्या. पुष्कळ वेळ बघितलं. टाळू नाही, खालची हिरडी! पांढरा थर गेला आहे आणि आता तिथं फिकट गुलाबी ठिगळ दिसतं. माझ्या बाकीच्या हिरड्या जांभळट काळ्या. "रंग येगळा हाय," त्या म्हणाल्या. "गोठ्यात राहून कटाळलीस म्हून आता बोलायलीस."

डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा सावळ्या आहेत! हे ठिगळ माझ्या नखाहून गोरं आहे! पण एवढा विचार कोण करतो? खोटं एका वाक्यात पटलं. खऱ्याला तोंड उघडून दाखवलं तरी पटत नाही.

१५ जानेवारी

संक्रांत झाली. कवळी आली नाही. हे देवणीला विचारायला गेले तर शिबिराच्या कार्यालयात दुसरंच कुणी बसलेलं, त्याला काही माहीत नाही. जाऊबाई तिळगूळ चघळतात आणि काढून ठेवतात. मी त्यांच्यावर चिडलेली आहे, तरी आज बघवलं नाही. लेकीच्या हाती मी त्यांना ताकातल्या कण्या धाडल्या. माझ्या चुलीवरच्या. त्यांनी परत पाठवल्या नाहीत. भांडं घासून दारात ठेवलेलं होतं.

२० जानेवारी, मंगळवार

हिरडी धरली! पक्की. डॉक्टरीणबाईंनी ओठ ओढून, हलवून दाखवला. ठिगळ जागचं हललं नाही. "हे दात आता तुमच्याबरोबर म्हातारे होतील," म्हणाल्या.

मी म्हणाले, "त्या दिवशीचं मी चुकले. घरी खरं सांगितलं. कुणाला पटलं नाही."

"तोंड उघडा," त्या म्हणाल्या. मी उघडलं. पुष्कळ वेळ काम करत राहिल्या. काम तसं काही उरलेलं नव्हतं. निघताना जिन्यापर्यंत आल्या, फिरकीचा तांब्या विसरला होता तो हातात दिला. माफ केलं की नाही ते कळलं नाही. तसं विचारायचं नसतं, एवढं आता मला कळतं.

येताना गार पाणी प्याले. कळ आली नाही.

२८ जानेवारी

आत्याबाईंचा पुढचा दात भाकरीत आला. किडलेला नाही, चांगला. बाकीचे हलतात. दुपारी त्या पडवीत आल्या. महिन्याभरात पहिल्यांदा. उभ्यानंच एकदा जाऊबाईंच्या दाराकडे बघितलं, एकदा माझ्या तोंडाकडे.

"मला लातूरला घिऊन चल."

मी म्हणाले, "आत्याबाई, ते दुसऱ्याचं नसतं हो. तुमच्याच टाळूचं—"

"मला शिकवू नको," त्या म्हणाल्या. "घिऊन चल."

३ फेब्रुवारी, मंगळवार

आत्याबाईंना खुर्चीत बसवलं. डॉक्टरीणबाईंनी "तोंड उघडा, आजी" म्हटलं, पण त्यांनी उघडलं नाही. आधी डॉक्टरांचा हात धरला, आपल्या दोन्ही हातांत. म्हणाल्या, "हिला दिलंस. आता मला देशील. उद्या माजी थोरली सून येईल. आसं किती जनींला काडून देशील गं माय? तुलाबी दुकत आसल की."